पाळकसाहेबांची साक्ष

(१९५३चा मार्च. कोल्हापूरहून जोतिबाच्या डोंगराकडे जाताना लागणारी एक वाडी. पाळक दानिएल समुद्रे यांच्या घराची पडवी, शनिवारची संध्याकाळ. पाळकसाहेब, त्यांची बायको सलोमीबाई आणि चर्चच्या कारभाऱ्यांपैकी एक, आकाराम.)

आकाराम: न्हाय म्हंजी न्हाय! पाळकसाहेब, तुमी त्या वाघजाईच्या देवराईसाठी प्रांतासमोर हुबं ऱ्हायलासा, तर उद्या गाव म्हणंल, बघा, किरिस्ताव फिरून देवीच्या पायाशी आलं!

पाळक: आकारामराव, जरा बसून बोला. शेजारी ऐकतायत.

आकाराम: ऐकू द्यात की! म्या काय चोरून बोलाय आलोय व्हय?

सलोमी: बसा हो दादा. चहा टाकलाय. उभ्यानं प्यायलात की अर्धा सदऱ्यावर सांडता, आणि मग तुमची धोंडुबाई माझ्यावर डाफरते.

आकाराम: च्याचं मागनं बघू, पाळकीणबाई. आदी ह्यास्नी चार शब्द सांगा.

सलोमी: ह्यांना सांगून सांगून माझे केस पिकले. आज तुम्ही सांगा, मी ऐकते.

पाळक: अहो, मी अजून हो कुठं म्हटलंय? बाळासो पाटील घरी आले. म्हणाले, संस्थान गेलं, राई सरकारजमा झाली, लिलावात ठेकेदाराला मिळाली. खालची बाजू त्यानं गेल्या साली तोडली, आता वरची तोडणार. मंगळवारी प्रांतसाहेब पाहणीला येतायत, तर गावातर्फे दोन शब्द बोला. एवढंच म्हणाले.

आकाराम: का? पाटलाला तोंड न्हाई? एरवी चावडीवर बसून तालुक्याला ऐकू जाईल असा बोलतोय.

पाळक: त्यांचं म्हणणं, आम्ही बोललो तर साहेब हसतील. अडाणी लोक, देवी कोपेल म्हणून रडतायत असं म्हणतील. तुम्ही देवीला मानत नाही, त्यामुळं तुमचं ऐकतील.

सलोमी: पाटील हुशार आहे हं. हे मला सुचलं नसतं.

आकाराम: हुशार हाईच की. आमची गरज लागली की हुशार, एरवी आमची सावली न्हाई चालत. पाळकसाहेब, तुमी नगरकडनं आलासा. तुमाला त्या राईची काय म्हाईती?

पाळक: मग सांगा ना. म्हणूनच बसा म्हणतोय.

आकाराम: बसतो. पण सांगतो ते मधी न तोडता ऐका. जत्रंला मशाल धरायचं काम माझ्या बाचं. राईच्या तोंडाशी एक दगडी पायरी हाय. तिच्या अलीकडं हुबं ऱ्हायचं, उजेड आत पाडायचा. पलीकडं पाऊल टाकायचं न्हाई. एका साली वारं सुटलं, मशाल इझाय लागली. इझली तर अपशकून म्हणून परत बोल खायचा, म्हणून बानं आडोशाला एक पाऊल आत टाकलं. एकच!

सलोमी: दादा...

आकाराम: जोड्यानं मारला. साऱ्या जत्रंदेखत. म्या त्याचं धोतर धरून हुबा हुतो. त्याच साली आमच्या घरानं बाप्तिस्मा घेतला. आन् आता आमच्या पाळकानं म्हणायचं, राई वाचवा? मला तर ठेकेदार बरा वाटतोय. त्यो म्हणतोय, तुमचं देऊळ गळतंय, मी राईच्या लाकडाच्या तुळया देतो. मला तर गोडच वाटलं ऐकून. तिची झाडं आमच्या प्रभूच्या छपराला!

पाळक: तुळयांचं तुम्ही मला बोलला नव्हता.

आकाराम: आता बोललो की.

सलोमी: तुळया कशाच्या? ऐनाच्या का?

आकाराम: ऐनाच्या, किंजळीच्या. पोरांच्या पोरांपातूर टिकतील.

सलोमी: आणि छपराखाली बसणाऱ्या बायका पाणी कुठलं पिणार? खालची बाजू तुटली आणि ओढा यंदा होळीलाच आटला. आपल्या आळीच्या बायका वाळूत झिरे उकरून वाटीवाटीनं पाणी भरतात. त्यातलं पिऊन पोरं हगवणीनं बेजार. ती पोरं माझ्या हातानं जन्माला आलीयेत, दादा. त्यांच्या घरी औषध घेऊन मलाच जावं लागतं.

आकाराम: ते मला म्हाईत हाय. माझ्या घरातबी पोर हाय.

सलोमी: तुमच्या धाकट्या सुनेचं. म्हणून तर बोलतेय.

पाळक: माझी अडचण वेगळीच आहे. मी पाळक आहे. मंडळी एकत्र ठेवणं हे माझं पहिलं काम. या राईपायी मंडळीत फूट पडली तर मी काय मिळवलं?

आकाराम: ह्येच म्हणतोय म्या! पाळकानं आत्म्याचं बघावं. झाडाचं बघायला जंगल खातं हाय, पाण्याचं बघायला सरकार हाय. आन् मिशनचा साहेब बोटीनं गेला. उद्या काय वाकडं झालं तर आपल्या मागं कोण हाय?

पाळक: हं. याच्यावर मात्र मी बरेच दिवस विचार करतोय. साहेब होते तोवर आपण मिशनच्या कंपाउंडच्या आत होतो. आतल्या आत उपासना, आतल्या आत लग्नं, आतल्या आत भांडणं. आता कंपाउंडला भिंत राहिली नाही. मग आपण या वाडीचे आहोत की नाही?

आकाराम: वाडीनं तसं म्हणाय पायजे ना?

सलोमी: वाडी म्हणेपर्यंत थांबलो तर आपली हाडं मातीत जातील. आणि आत्म्याचं म्हणाल दादा, तर मला साध्या बाईला एवढंच कळतं. देवानं पहिला माणूस केला, त्याला पहिली नोकरी कसली दिली? पाळकाची नाही दिली. माळ्याची दिली.

आकाराम: बोलण्यात ह्यास्नी कोण हरवणार! हे बघा पाळकसाहेब, जायचंच तर एक अट घाला. पाटलाला म्हणावं, राईतला झरा आमच्या आळीला आदी मोकळा कर. खाली वाहून आलेलं उष्टं पाणी न्हाई, झऱ्यावर जाऊन भरणार. हां म्हणतोस का? मग साक्ष.

पाळक: साक्षीचा सौदा करायचा नसतो, आकारामराव.

आकाराम: मग तुमचं तुमी जावा. म्या येनार न्हाई. च्या पाळकीणबाई तुमीच प्या.

सलोमी: दादा! अहो, टोपी विसरलात...

*

पाळक: उठून गेला. भर उपासनेत, मी मंगळवारचं जाहीर केलं आणि आकाराम उठून गेला. बारा-पंधरा वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

सलोमी: जेवा आधी. रविवारची भाकरी गार करू नका.

पाळक: घशाखाली उतरत नाही गं. त्याच्या मागं त्याचा पुतण्या गेला. मग मागच्या बाकावरचे दोघंतिघं. तू पाहिलंस?

सलोमी: पाहिलं. धोंडुबाई बसून होती, तेही पाहिलं. नवरा दारातून खुणावत होता आणि ही पदर नीट करून स्तोत्र म्हणत होती.

पाळक: त्याचं चुकलं असं मला म्हणवत नाही. काल रात्रभर ती पायरी डोळ्यांपुढं होती. मी काय सांगायला चाललोय? ज्या झाडांखाली त्याच्या बापाला मारलं, ती झाडं राखा म्हणून?

सलोमी: झाडांनी नाही मारलं.

पाळक: ते खरं. पण हे त्याला सांगणं फार सोपं आहे. तुला-मला कुणी तिथं मारलं नाही.

सलोमी: हे तुम्ही शहाण्यासारखं बोललात. वाढू अजून?

पाळक: नको. सलोमी, तुला काय वाटतं, जाऊ नको का?

सलोमी: जा की. पण आकारामदादाच्या दुखण्यावर पाय देऊन जाऊ नका.

पाळक: म्हणजे कसं?

सलोमी: पाटलानं राईबद्दल बोलायला सांगितलंय. तुम्ही राईबद्दल बोला, आणि झऱ्याबद्दलही बोला. त्याच तोंडानं. राई कुणाची, पाणी कुणाचं, तिथं कोण जाऊ शकतं, कोण नाही.

पाळक: काल तर म्हणालो, सौदा नको.

सलोमी: सौदा कुठं करायचाय? अट घालू नका, देवघेव करू नका. जे आहे ते सांगा. साक्ष म्हणजे तेच ना? अर्धंच सांगितलंत तर उरलेलं अर्धं कुणाच्या डोक्यावर बसेल?

पाळक: अगं, पण पाटील विश्वासानं घरी आले. भावासारखे बसले. त्यांनीच बोलवायचं आणि मी प्रांतासमोर त्यांच्याच गावाची लाज काढायची? हा विश्वासघात झाला.

सलोमी: आणि नाही बोललात तर आकारामदादाचा झाला. तोही भावासारखाच बसतो. बसत नाही म्हणा, उभाच असतो.

पाळक: तुझ्याकडं माणसाला पळायला जागाच नसते.

सलोमी: मी सुईण आहे. अडलेल्या बाईला मी पळायला जागा देत नाही. कळ सोस म्हणते आणि हात धरते.

पाळक: मग मंगळवारी माझाही हात धरायला ये.

सलोमी: येणार होते हो. पण शेजारच्या पिराजीची सून दिवस भरून बसलीय. मंगळवार टळेल असं वाटत नाही.

पाळक: मला लोकांसमोर, म्हणजे बाहेरच्या लोकांसमोर, बोलता येत नाही. तुला माहीत आहे. चर्चमध्ये व्यासपीठ असतं, हात टेकायला जागा असते.

सलोमी: छत्री न्या. तिच्यावर हात टेका.

पाळक: मार्चमध्ये छत्री?

सलोमी: उन्हाची. जेवा आता.

*

सलोमी: आलात? चेहरा का असा? पाणी घ्या. पिराजीला नात झाली, ऐकलंत का? दोघी सुखरूप.

पाळक: देवाची दया. निदान एक तरी चांगलं झालं आज.

सलोमी: का? साहेब आले नाहीत?

पाळक: आले. जीपनं आले, खुर्ची टाकून बसले. मी बोललो. सगळं बिघडवून आलो, सलोमी. पाटील माझ्याशी एक शब्द न बोलता गेले. ठेकेदार तुळयांचं विसरा म्हणाला. माझा आवाज फुटेना, छत्री हातातून पडली, लोक हसले.

सलोमी: पण राईचं काय झालं?

पाळक: खालची उरलेली, खुणा केलेली झाडं जाणार. वरच्या तोडीला साहेबांनी मनाई केली, पुढचा हुकूम येईपर्यंत. तो कधी येईल, काय येईल, कुणाला ठाऊक?

सलोमी: अहो, मग वरची राई वाचली की! हे बिघडवणं झालं?

पाळक: सध्या वाचली. पण गाव गमावलं मी. आणि मंडळीही. आकाराम आला नाही...

आकाराम: कोण आला न्हाई? आँ? कोण आला न्हाई?

सलोमी: या बया! दादा, दारातून ओरडू नका, शेजारी बाळंतीण आहे.

आकाराम: म्या तितंच हुतो. करवंदीच्या जाळीमागं. ह्यांचं काय झालं ते ह्यांच्याकडनं ऐकू नगा, पाळकीणबाई. ह्यास्नी सोताचं कायबी सांगता येत न्हाई. म्या सांगतो.

पाळक: तुम्ही जाळीमागं होता?

आकाराम: आदी पुढं यायचं न्हवतं म्हणून. मागनं ऐकायचं हुतं म्हणून. तर ऐका. ठेकेदार हुबा ऱ्हायला. म्हणतोय, साहेब, नवा देश घडतोय, लाकूड लागतंय, आन् हे देवीचं भ्या घालतायत. मग ह्यांच्याकडं बोट केलं. हे पाद्री बघा, शिकलेलं माणूस, ह्यास्नी इचारा. त्याला वाटलं, तुळया दिल्यात, माणूस आपला. साहेबानं इचारलं, पाद्रीबाबा, तुमचा ह्या देवीवर इश्वास हाय का?

सलोमी: मग?

आकाराम: हे म्हणालं, न्हाई.

सलोमी: अगदी सरळ?

आकाराम: सरळ! पाटलाचं तोंड पडलं. ठेकेदार हसाय लागला. त्येवढ्यात ह्यांची छत्री पडली, आन् समदीच हसली. साहेब म्हणला, मग तुमी इतं कशाला आलासा? तर हे खाली वाकलं, छत्री उचलली, धूळ झटकली आन् म्हणालं...

पाळक: आकारामराव, पुरे.

आकाराम: म्हणालं, साहेब, मी पाणी पितो.

सलोमी: एवढंच?

आकाराम: त्येवढंच. मग ह्यांचा आवाज सुटला. ओढा कवा आटला ते सांगितलं, झिरे सांगितलं, कुणाच्या घरात पोर आजारी ते सांगितलं. माझ्या नातवाचं नाव घेतलं! भर प्रांतासमोर!

पाळक: मला वाटलं, त्याचा तुम्हाला राग आला असेल.

आकाराम: थांबा, राग पुढं हाय. हे म्हणालं, साहेब, आणखी एक सांगायचं हाय. ते गावानं मला सांगाय बोलवलेलं न्हाई. राईत झरा हाय. माझ्या आळीची माणसं त्या झऱ्यावर जाऊ शकत न्हाईत. पायरीच्या अलीकडं थांबतात. राई वाचवायची तर समद्यांसाठी वाचवा साहेब, न्हाईतर मला अर्धीच वाचवल्यागत वाटंल.

सलोमी: असं म्हणालात तुम्ही?

पाळक: काय म्हणालो ते मला आठवत नाही. छत्री परत पडू नये म्हणून घट्ट धरली होती एवढं आठवतं.

आकाराम: मागनं एक जण वरडला, पाद्री, तुला बोलवलं कशाला आन् तू बोलतोस काय! गलका झाला. साहेबानं टेबलावर... टेबल न्हवतं, मांडीवर हात आपटला. म्हणला, पाण्यावर कुणाला आडवलं तर खटला भरीन, कायदा झालाय, आता तरी ऐका. मग उठला, जीपमधी बसला, गेला. आन् हेबी गेलं. मान खाली घालून, पाप केल्यागत.

पाळक: पाटलांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

आकाराम: त्यो बघंल हळूहळू. लगीच कसा बघंल? तुमी त्याला गोड बोलून फसवला असता तर आज मिठी मारली असती त्यानं. आता त्याला चार दिस चघळाय लागंल.

सलोमी: आणि राग पुढं आहे म्हणालात, तो?

आकाराम: त्यो माझा माझ्यावरच. माझ्या आळीचं भांडण हे माणूस तितं एकटं भांडत हुतं. आन् म्या जाळीमागं करवंदाचं काटं मोजत बसलोय. म्हटलं, आकाराम, तुझा बा एक पाऊल टाकून मार खाऊन आला. तू काय करतोस? मग निघालो भाईर.

पाळक: कुठं?

आकाराम: राईकडं. जीप गेलती, पर माणसं हुतीच. पाटील पायरीपाशी हुबा. म्या म्हटलं, बाळासो, मी आत चाललोय. आडवायचं तर आडीव.

सलोमी: अगंबाई! मग?

आकाराम: बघत ऱ्हायला माझ्याकडं. मला वाटलं, आता होतंय काय तरी. माझा पुतण्या मागं मुठी आवळून हुबा. मग पाटील म्हणला, चपला काढ.

सलोमी: चपला?

आकाराम: चपला. समदी काढतात तितं, त्योबी काढतोय. त्याच्या पायातबी न्हवत्या. मला आदी कळंचना, ह्यो काय बोलतोय. मग म्हटलं, काढतो की. आमीबी उपासनेला चपला काढूनच बसतो.

पाळक: आणि गेलात आत?

आकाराम: गेलो.

सलोमी: कुणी काही बोललं?

आकाराम: एक-दोघं पाठ फिरवून गेली. जाऊ द्यात. दिवाळीपातूर आणखी कोण कोण पाठ फिरवंल. आपल्या बायका उद्या घागरी घिऊन गेल्या की कळंल, कायदा किती आन् तोंडं किती. भांडण सपलंय असं म्या म्हणत न्हाई.

पाळक: मीही म्हणत नाही. उद्या सकाळी मी येतो त्यांच्याबरोबर.

सलोमी: मीही येते. माझी घागर मी घेईन.

आकाराम: या की. आन् देवळाच्या छपराचं म्या बघतो, पाळकसाहेब. पावसाच्या आदी बांबू घालू, कौलं सारखी करू. गळलं तर छत्री हाय तुमची.

पाळक: आकारामराव, खरं सांगा. मी तिथं गेलो, ते तुम्हाला अजून सलतंय का?

आकाराम: सलतंय. थोडं सलणारच. जत्रंला तितं नारळ फुटणार, त्यात म्या न्हाई. तुमीबी न्हाई. ते त्यांचं. पर...

सलोमी: पण काय, दादा?

आकाराम: झऱ्यावर वाकलो, पाणी प्यालो. पाण्यासारखं पाणी हाय. त्याचं मला काय वाटलं न्हाई. पर उठून हुबा ऱ्हायलो आन् वर बघितलं. भाईर डोकं फुटतंय एवढं ऊन, आन् आत अंगावर काटा येतोय. पाखरं बोलत्यात. आत लई गार हाय की वो, पाळकसाहेब. एवढ्या जवळ हाय, आन् मला म्हाईतच न्हवतं.

पाळक: मी कधी आत गेलो नाही, आकारामराव. आज इतका वेळ तिथं होतो, पण गेलो नाही. म्हटलं, तुमच्या आधी कसा जाऊ?

सलोमी: हे तुम्ही मला बोलला नव्हता.

पाळक: आता बोललो की.

आकाराम: ...बरं. येतो म्या. सलाम.

सलोमी: थांबा की दादा, एवढी काय घाई?

आकाराम: धोंडुबाईला जाऊन सांगतो. उद्या घागरी भरून आल्या की दुपारचं तिला परत घिऊन जातो. ऐन उन्हाचं. म्हंजी तिला कळंल.